जग्वारचा पंजा गेला कुठे?

"पंजा विकला म्हाताऱ्याने. बारा वाजता रेडिओवरून मुख्य कचेरीला कळवतो," अर्नुल्फोसाहेब म्हणाले आणि पुसून चकचकीत केलेले बूट पसरून निवांत कॉफी पिऊ लागले.

म्हातारा म्हणजे या पडक्या माया नगरीचे राखणदार, तिबुर्सिओ आजोबा. चौकातल्या कोरीव दगडांपैकी जग्वारचा पंजा कोरलेला दगड सकाळच्या फेरीत जागेवर नव्हता. आजोबा टोपी हातात धरून नुसते उभे राहिले. एकतीस वर्षांची राखण, आणि ती एका कॉफीच्या घोटात संपणार होती.

रोसेंदा त्यांची नात. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुट्टीत ती, धाकटा भाऊ बाल्ता आणि मैत्रीण इलारिया साहेबांच्या साहस-शिबिराबरोबर आजोबांना भेटायला आले होते. दोन दिवसांच्या जंगलवाटेत साहेब तीनदा रस्ता चुकले होते. दोनदा त्यांनी नकाशाला दोष दिला, एकदा खेचराला.

"चल, जागा बघू," रोसेंदा म्हणाली.

जिथून दगड उचलला होता, तिथे ओला चौकोन होता. त्याच्या बाजूने बुटांच्या टाचांचे ठसे चिखलात खोल उमटलेले.

"चोर गावाच्या वाटेला लागायला हवा होता," इलारिया म्हणाली. "हा तर मुदपाकखान्याकडे गेलाय."

"भूक लागली असेल बिचाऱ्याला," बाल्ता म्हणाला.

मुदपाकखान्यात आचारी कुरकुरत होता. चुलीतून फट्‌ असा आवाज आला आणि एक कपची उडून घेवड्याच्या पातेल्यात पडली.

"सकाळपासून चौथ्यांदा!" आचारी म्हणाला.

रोसेंदाने चमच्याने कपची काढली. पांढरी, कडेला भुगा होणारी, चौकातल्या दगडांसारखीच. "चुनखडी? चुलीत?"

बाल्ताला हसू आवरेना. त्यांच्या घरी चुलीचे तीन काळे दगड होते, आजीने डोंगराकडून येताना पाठीवर आणलेले. चुनखडी जायची ती भट्टीत, मका उकडायला लागणारा चुना करायला. चुलीत ती तडकते, हे गावातलं चार वर्षांचं पोरही सांगेल. पण साहेब राजधानीतले, शिकलेले.

"आत्ताच सांगू या सगळ्यांना," बाल्ता म्हणाला.

"आणि साहेब म्हणतील, तो दगड पोरांनीच चुलीत घातला. थांब. त्यांच्याच तोंडून काढू."

बारा वाजायला दहा मिनिटं होती. शिबिरातले सगळे जेवायला जमले होते. रोसेंदा अगदी गरीब चेहरा करून पुढे गेली.

"साहेब, चूल किती सुरेख बसलीये. पातेलं जरासुद्धा हलत नाही. कुणी मांडली?"

साहेब फुलले. "मी! वीस वर्षं शिबिरं घेतोय. आचाऱ्याला काय कळतंय? तिसरा दगड सपाट हवा होता, पहाटे मी स्वतः उचलून आणला."

"एवढा जड? कुठून हो?"

"चौकातून. ढीगभर पडलेत तिथे."

इलारियाने पोत्याचे तुकडे धरून पातेलं उतरवलं. रोसेंदाने काठीने दगड उलटा केला आणि मक्याच्या सुक्या पातींनी काजळी पुसली. आधी एक नखी दिसली, मग दुसरी, मग अख्खा पंजा.

"बारा वाजले, साहेब," बाल्ता म्हणाला. "रेडिओ आणून देऊ?"

आजोबांनी साहेबांनाच रेडिओवरून सगळं कळवायला लावलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मग नवीन चुलीसाठी मातीचे तीन गोळे करायला त्यांना चिखल तुडवायला लावलं. ते चकचकीत बूट पहिल्यांदाच कामाला आले.

पंजा पुन्हा जागेवर बसला, पण एका नखीला तडा गेला होता. आजोबांनी त्यावरून दोनदा अंगठा फिरवला. मग गळ्यातली राखणीची शिट्टी काढून रोसेंदाच्या हातात दिली.

"एकतीस वर्षं मी चोरांवर नजर ठेवली, पोरी," ते म्हणाले. "मूर्खांवर ठेवायची राहून गेली. सुट्टी संपेपर्यंत ते काम तुझं."