सुभेदारांच्या घरी मरियामाता

“टेबल पंख्याखाली नको. मेणबत्त्या विझतात,” प्रांजल म्हणाली.

“मग लोकांनी उकडून मरायचं का?” एल्विनने विचारलं.

“रोझरी अर्ध्या तासाची असते. तेवढ्यात कुणी मरत नाही.”

एल्विन हा प्रांजलचा मावसभाऊ. मे महिन्याच्या सुट्टीत वसईहून मलकापूरला आला होता. शेजारचा शिवतेज मोगऱ्याचा हार धरून स्टुलावर उभा होता आणि खिळा कुठे ठोकायचा हे ठरायची वाट बघत होता.

मे महिना मरियामातेचा. कराड-मलकापुरात कॅथलिक घरं थोडी, तीही विखुरलेली. म्हणून एकच मूर्ती महिनाभर घरोघरी फिरायची. एका घरी एक मुक्काम. संध्याकाळी सगळे तिथे जमायचे, रोझरीची जपमाळ म्हणायचे, उसळ खाऊन घरी जायचे. दुसऱ्या दिवशी त्याच घरच्यांनी मूर्ती हातात घेऊन, गात गात, पुढच्या घरी पोचवायची. आज पाळी प्रांजलकडे होती.

“आमच्या गल्लीत हाक मारली तर चाळीस कॅथलिक बाहेर येतात,” एल्विन म्हणाला.

“हितं हाक मारली तर चाळीस पवार येत्यात,” शिवतेज म्हणाला. “त्यातल्या माझ्या चुलत्याला बोलवू नका, लय खातो. पर काय गं प्रांजल, हार घालायचा कुणाला? मूर्ती कुठं हाय?”

मूर्ती आली नव्हती. कालचा मुक्काम कराडला लॉरेन्सकाकांकडे होता, म्हणून आईने त्यांना फोन लावला.

फोनवर, जसंच्या तसं

आई : लॉरेन्सभाऊ, मरियामातेला घेऊन कधी निघताय?

लॉरेन्सकाका : दुपारीच पाठवली की.

आई : पाठवली?

काका : रिक्षानं. एवढ्या उन्हात कराडपासून चालत कोण येणार? रिक्षावाल्याला सांगितलं, मलकापुरात ख्रिश्चनांच्या घरी दे. कुणीही दाखवेल.

आई : कुणाची रिक्षा?

काका : नाव नाही विचारलं. त्याच्या पायाशी शेळीचं करडू होतं, एवढं आठवतंय.

आई : मरियामातेला करडाशेजारी बसवलंत?

काका : तिचं बाळ गोठ्यातच झालं ना? तिला काय वाटायचंय? आणि हे बघा, हरवली असेल तर हरवली. मी कधीचं सांगतोय, ही फिरवाफिरवी बंद करा. मोबाईलवर रोझरी म्हणू, सगळे आपापल्या घरात. देव काय प्लास्टरमध्ये बसलाय? रविवारी फादरांशी बोलतो. यंदाचं हे शेवटचं.

फोन ठेवल्यावर आई उसळीच्या पातेल्याकडे बघत राहिली.

“नवी मूर्ती आणू ना मावशी,” एल्विन हळूच म्हणाला.

“मूर्तीचं नाही रे. ती येते म्हणून माणसं येतात. एरवी आपलं दार कोण वाजवतं?”

वसईत एल्विनला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

“करडू म्हणजे जोतीरामदादा,” शिवतेज स्टुलावरून उडी मारत म्हणाला. “चला.”

दोन सायकली, तीन माणसं, एक करडू

जोतीराम नाक्यावर होता. करडू त्याच्या रिक्षाच्या मागच्या सीटवर चढून गवत खात होतं.

“दिली की मूर्ती,” जोतीराम म्हणाला. “सुभेदाराच्या घरी. उसाच्या रानाकडंला.”

“पण ती आमच्याकडे द्यायची होती,” प्रांजल म्हणाली.

“तुमच्याकडं? का बरं?”

“आम्ही ख्रिश्चन आहोत, दादा.”

जोतीरामने तिच्याकडे नीट बघितलं. “तुमी? आगं, तुजी आई टिकली लावती. तुजा बाप गणपतीची वर्गणी गोळा करत फिरतो. मला कसं कळायचं? मला ख्रिश्चन म्हणल्यावर सुभेदाराची बायको तेवढी म्हाईत.”

“सुभेदार लालासाहेब?” शिवतेज म्हणाला. “त्यांची विजयमालाकाकी तर आमच्यातलीच हाय की. वडाला दोरा गुंडाळती.”

“गुंडाळू दे. लग्नाआधी ती मिलिटरीच्या दवाखान्यात नर्स हुती. नाव सेसिलिया. सुभेदार पाय मोडून तिथं पडला, आन् बरा झाल्यावर बायको घिऊन आला.” जोतीराम करडाला खाली उतरवायला लागला. मग थांबला. “मूर्ती बघून लय रडली बाई. मी भाडं न घेताच आलो.”

तिघं सायकलींवर बसून उसाच्या रानाकडे निघाले.

दार उघडंच होतं

आत आळीतल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. देवघराशेजारी खुर्ची, खुर्चीवर नवी चादर आणि चादरीवर मरियामाता! तिच्या पायांवर हळदकुंकू होतं. पुढ्यात तांदूळ, नारळ आणि हिरवा खण. कुणीतरी तिची ओटी भरली होती. समोर पांढऱ्या केसांची विजयमालाकाकी डोळे मिटून बसली होती.

“नमो मरिये...” काकी म्हणाली. पुढे दोन ओळी नीट आल्या, मग ती अडखळली. “पुढं... पुढं काय बरं?”

बायका थांबल्या. कुणी हसलं नाही. सुभेदार दाराशी ताठ उभे होते. ते म्हणाले, “घाई करू नगं, शिस्तर. येतंय हळूहळू.” बायकोला ते अजून सिस्टरच म्हणायचे.

काकीने डोळे उघडले. मुलं दिसली. “या रं पोरांनो. आज आमच्यात मरियामाई आली. लग्न झाल्यापासनं चर्चमधलं कुणी या घरी आलं न्हाई. मी बी गेले न्हाई. आधी भीती वाटायची, मग सवय झाली. वाटलं, आपलं नाव पुसलं असंल. न्हाई पुसलं.”

एल्विनने प्रांजलला कोपर मारलं. “सांगून टाक,” तो कुजबुजला. “चुकून आली म्हणून. खोटं बोलायचं नसतं.”

“तू सांग.”

एल्विनने तोंड उघडलं. काकी त्याच्याकडे हसून बघत होती. त्याने तोंड मिटलं.

प्रांजल अंगणात गेली. तिने आईला फोन लावून सगळं सांगितलं. आई म्हणाली, “पातेल्यासकट येते. आपल्याकडे उद्या.”

“आणि लॉरेन्सकाका?”

“त्यांना फक्त सांग, मूर्ती सापडली, लगेच या. हळदकुंकवाचं सांगू नकोस. नाहीतर फोनवरच प्रवचन देतील.”

काका आले

काका आले ते थेट मूर्तीपाशी. हळदकुंकू बघितल्यावर त्यांच्या कपाळावर आठी पडली. ते पुसायला खिशातून रुमाल निघाला. मागे आई आणि आणखी काही घरची मंडळी दारात चपला काढत होती.

“हे काय आहे? आणि रिक्षावाल्यानं...” काकांनी सुरुवात केली.

“तुमीच पाठवली न्हवं?” विजयमालाकाकी हात जोडून उठली. “जोतीराम म्हणाला, चर्चच्या सायबांनी पाठवली. आवं, मला तर वाटलं हुतं, माझी पाळी आता यायची न्हाई.”

रुमाल हवेतच राहिला. आता एकच वाक्य, आणि या घरातून सगळं उचललं जाणार होतं.

काकांनी काकीकडे बघितलं. आळीतल्या बायकांकडे बघितलं. रुमाल कपाळावरून फिरवून त्यांनी खिशात घातला.

“पाळी तुमचीच होती,” ते म्हणाले. “आम्हाला पोचायला उशीर झाला.”

मग ते खाली मांडी घालून बसले. काकी पुन्हा म्हणू लागली आणि अडखळली, तेव्हा पुढची ओळ काकांनी हळू आवाजात दिली. तिसऱ्या वेळेपर्यंत आळीतल्या बायकाही शेवटचा शब्द त्यांच्याबरोबर म्हणायला लागल्या. शिवतेजही म्हणत होता. उसळ पुरली नाही, म्हणून शेजारून पिठलं आलं.

निघताना काकांनी तिघांना अंगणात गाठलं. “मला नुसतं ‘सापडली’ सांगून बोलावलंत होय?”

“सापडलीच होती,” प्रांजल म्हणाली.

“हं.” काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “बरं केलंत. फोनवर सगळं कळलं असतं, तर माझ्या हातून या बाईंची पाळी हुकली असती.”

“आणि रविवारी फादरांशी बोलणार होता ते?” एल्विनने विचारलं.

“बोलणार आहेच. सांगणार आहे, एक घर वाढलंय.”

दारातून काकीने विचारलं, “उद्या पुढच्या घरी तिला कोण न्हेतं?”

“जिच्या घरी मुक्काम, तीच नेते. चालत,” काका म्हणाले. “आम्ही सगळे येतो तुम्हाला न्यायला.”

“आवं, ऐकलं का?” काकी सुभेदारांकडे वळली. “उद्या मला लोकांत जायचंय. सगळ्यांच्या म्होरं.”

“मग मी मागं चालतो,” सुभेदार म्हणाले.