रेवणप्पांचा पाव का फुगेना?

“पाव सापडल्याशिवाय घरी यायचं न्हाई!” महानंदाने चप्पल घालता घालता बजावलं.

नव्या जिल्ह्याच्या कचेरीत वडिलांची बदली झाली आणि सारं घर नांदेडहून लातूरला आलं. आजोबांचं मात्र तिथेच बिनसलं. तोंडात दात नव्हते. रोज सकाळी दुधात बुडवून खमिराचा आंबूस पाव खायचा, हा त्यांचा जुना नेम. लातूरचे पाव त्यांनी चाखून बाजूला सारले. “ऐतवारी मी नांदेडची गाडी धरतो,” ते म्हणाले. आजोबांशिवाय सुट्टी कसली! आणि आज शुक्रवार होता.

शेजारची पोरं, गुरुलिंग आणि भीमा, सोबत निघाली. तीन बेकऱ्या झाल्या. चौथी भट्टी रेवणप्पांची. खमिराचे पाव होते, पण भाकरीसारखे चपटे!

“हसता काय रे!” रेवणप्पा खेकसले. “कालच्या पिठाचा गोळा राखायचा, त्यानंच आजचं पीठ आंबवायचं. बापापासून चाललंय हे. पण आठ दिस झाले, खमीरच मेलाय. आता भट्टी बंद करतो.”

“आठ दिवसांत नवीन काय झालं, काका?” महानंदाने विचारलं.

“दुष्काळ! आड आटला, टँकर सुरू झाला.”

महानंदाने टँकरच्या पाण्याच्या पिंपात नाक घातलं. “ह्याला तर दवाखान्याचा वास येतोय!”

लाकडी काठवटीच्या कडेला जुना खमीर वाळून चिकटला होता. तिने तो खरवडून दोन वाट्यांत पिठाबरोबर कालवला. एकीत टँकरचं पाणी. दुसरीत भीमाच्या मामाच्या विहिरीचं, दोन मैलांवरून सायकलवर आणलेलं.

शनिवारी सकाळी विहिरीच्या वाटीत बुडबुडे! टँकरची वाटी ढिम्म.

“पाण्यातच काळंबेरं हाय!” गुरुलिंग ओरडला.

टँकर आला. रेवणप्पा दाराआड दडले. भीमाने टँकरवाल्यासमोर भोळा चेहरा केला. “काका, टाकीत पांढरं काय टाकता?”

“जंतू मारायचं औषध हाय. खेपेला मापभर टाकायचं. पण कोण मोजत बसतंय? मी अर्धी पिशवी ओततो, झंझट न्हाई!”

“आन त्यानं माझा खमीर मारला, भट्टी बसली, तिचं काय, गड्या?” रेवणप्पा बाहेर आले. पाण्याला आलेल्या बायाही पुढे सरसावल्या. लेकरांचे घसे का जळतात, ते त्यांना आत्ता कळलं! टँकरवाल्याने कान धरले आणि त्यांच्यासमोर माप काढलं.

त्या दिवशी मामांच्या बैलगाडीतून विहिरीचं पाणी भट्टीवर आलं.

रविवारी आजोबांची पिशवी दाराशी तयार होती. महानंदा धापा टाकत आली. हातात गरम, टम्म फुगलेला पाव! मागून रेवणप्पाही आले. “आप्पा, तुमच्या नातीनं माझ्या बापाचा खमीर वाचवला!”

आजोबांनी तुकडा दुधात बुडवला, तोंडात घोळवला.

“हा नांदेडचा न्हाई.”

महानंदाचा चेहरा पडला.

“लातूरचा हाय. लई ब्येस!” आजोबांनी पिशवीतलं धोतर काढून खुंटीला अडकवलं आणि रिकामी पिशवी तिच्या हातात दिली. “ही घे. उद्या दोन आण.”