लेकीचं नाव पुढे करून

गाडीच बोलू लागली, आणि नीलाने दोन आठवडे सांभाळलेलं गुपित भर रस्त्यात फुटलं!

व्हर्जिनियात, हर्नडनच्या देवळातल्या हॉलमध्ये डोहाळजेवण आटोपून तिघं घरी निघाली होती. पुरुषोत्तम गाडी चालवत होते, शेजारी नीला, आणि मागे हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत अवघडून बसलेली त्यांची लेक सावनी. नीलाचा फोन वाजला. तो गाडीला जोडलेला आहे हे ती विसरली होती, आणि पुरुषोत्तमांनी सवयीने स्टिअरिंगवरचं बटण दाबलं.

"हॅलो नीला! कोस्टारिकाहून मार्सेला बोलतेय. तुझी ईमेल वाचली. लेकीने बाळंतपणासाठी थांबवून घेतलं, समजू शकते मी. पण रोपवाटिकेतली तुझी जागा शुक्रवारपर्यंत कुणाला देत नाही हं!"

फोन बंद झाला. सावनी मागून पुढे वाकली.

"आई... मी कधी थांबवलं तुला?"

नीला खिडकीबाहेर बघत राहिली. तेहतीस वर्षांपूर्वी वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. अर्धवट टाकून ती लग्न होऊन अमेरिकेत आली, आणि पुढे काउंटीच्या लायब्ररीत दुसऱ्यांनी वाचलेली पुस्तकं जागेवर लावत राहिली. गुरांच्या कुरणांसाठी तोडलेलं वर्षावन पुन्हा उभं करणाऱ्या कोस्टारिकातल्या प्रकल्पात बिया गोळा करायला, रोपं वाढवायला तीन महिने स्वयंसेवक हवेत, हे वाचून तिने चोरून अर्ज केला होता. निवड झाली, आणि तिने नकार कळवून टाकला. पहिलं बाळंतपण आईनेच करायचं, हे काय कुणी सांगायला हवं? त्या त्यागाचा सुगंध मग ती एकटीच, कुणाला कळू न देता, घेत बसली होती...

घरी आल्या आल्या सावनीने गळ्यातली फुलं ओट्यावर टाकली.

"यू यूज्ड मी, आई! उद्या माझ्या बाळाला सगळे सांगतील, तुझ्यासाठी आजीने जंगल सोडलं. मला नकोय हे ओझं! आणि सासूबाई यायला तयार होत्या, व्हिसासुद्धा आहे त्यांच्याकडे. मीच नको म्हटलं. का? तर तुझा मान! तुला वाईट वाटेल म्हणून!"

"मला कुणी सांगेल का, काय चाललंय?" पुरुषोत्तमांनी विचारलं.

"तुम्ही चहा टाका!" मायलेकी एकदमच म्हणाल्या.

नीलाच्या ओठांवर ममता, कर्तव्य असे मोठाले शब्द आले होते. पण बाहेर पडलं ते निराळंच.

"भीती वाटली गं मला..."

"कसली?"

"अर्जात बॉटनिस्ट असं लिहून बसलेय मी. अर्धवट एम.एस्सी.! तिथे बावीस वर्षांची पोरं झाडांची नावं फडाफड सांगणार, आणि मी नुसती बघत राहणार. तुझ्या बाळंतपणाचं निमित्त सापडलं आणि... सुटल्यासारखं झालं."

सावनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तशातच तिला हसू फुटलं. "म्हणजे हा त्याग नव्हताच?"

"होता की," नीला प्रामाणिकपणे म्हणाली. "तीस टक्के तरी असेल."

सावनी तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. "मलाही भीती वाटतेय, आई. डिलिव्हरीची. पण माझ्या जागी तू नाही ना जाऊ शकत? मग तुझ्या जागी तरी जा!"

मार्सेलाला होकार कळवणं सोपं होतं. नागपूरला विहीणबाईंना फोन लावायला मात्र नीलाने गुरुवार उजाडू दिला.

"कुमुदताई... सावनीचं बाळंतपण तुम्ही कराल?"

पलीकडून आधी फक्त हुंदका ऐकू आला. "नीलाताई, हा मान आईचा असतो हो! असा कुणी देतं का?"

"देत नाहीये. मागतेय. मला जायचंय हो..."

"मग जा बिनधास्त! पण डिंकाचे लाडू माझ्याच पद्धतीने होतील, आत्ताच सांगून ठेवते."

ऑक्टोबर संपत आला. 'मला नाही माहीत' हे वाक्य नीला आता त्या बावीस वर्षांच्या पोरांसमोर दिवसातून दहादा बिनदिक्कत म्हणत होती, आणि मग पुस्तक काढून त्यांच्याबरोबर शोधत होती. जंगलात नेटवर्क यायचं ते फक्त स्वयंपाकघरात. दुपारी तिथे चिखलाच्या हातांनी तिने फोन उघडला, तर सावनीने व्हिडिओ पाठवला होता. व्हर्जिनियातल्या घरी न्हाणीघरातल्या टबात प्लॅस्टिकचं स्टूल टाकून कुमुदताई पाय लांब करून बसल्या होत्या, आणि त्यांच्या नडग्यांवर, तेलाने चमकणारी, आठ दिवसांची नात! इतकी निवांत पडली होती की साधी रडतही नव्हती...

नीलाने व्हिडिओ तीनदा पाहिला. मनगटाने डोळे पुसले.

"कुमुदताई, पाणी जरा कढत वाटतंय हो," ती मोठ्याने म्हणाली.

भात वाढून घेणारी दोन पोरं वळून बघू लागली. व्हिडिओच तो, पलीकडे ऐकायला कुणी नव्हतं.