पाठीवरचा खो

चौपन्न साल असेल. सावद्याच्या पल्याड एका गावात हायस्कूल होतं. भिंती तीन, चौथी मंजूर! पण खो-खोचा संघ असा, की पंडित मास्तर गणित कमी आणि शिट्टी जास्त शिकवत.

तालुक्याच्या फायनलच्या दुपारी मास्तरांनी जीवरामला ग्राउंडावर चुन्याची फक्की मारायला धाडलं. कोरा बनियन, चोपडलेले केस, ऐट नवरदेवाची. फक्की ओढता ओढता शेजारच्या केळीच्या बागेतून चिकाचा वास आला, घड आत्ताच कापल्यासारखा. बागेत कोणी नव्हतं. पानं मात्र एकाच जागी हलत होती...

त्याला लोटन आठवला. आठवणारच! मागल्या साली लोटन नऊ गड्यांतला, आणि जीवराम दहावा, म्हणजे कळशी राखणारा. दोघं एका भाकरीचे दोस्त. सावद्याच्या सामन्याला बैलगाड्या नऊला निघणार होत्या. लोटन बागेत घड कापत होता, हात चिकानं माखलेले. जीवराम त्याला म्हणाला, “गाड्या अकराले निघतीन, मास्तर म्हने.” दोस्तानं सांगितलं, लोटननं मानलं. अकराला आला तर गाड्या केव्हाच गेलेल्या. तसाच केळीतून पळत सुटला आणि बिनकठड्याच्या विहिरीत गेला. तिकडं त्याच्या जागी बसून जीवराम ढाल घेऊन आला. खरं काय ते दोघांनाच ठाऊक, आणि एक आता बोलणारा नव्हता.

असं जीवरामला वाटे.

सामना शेवटच्या मिनिटावर आला. दोन्ही संघ बरोबरीत, समोरचा एक गडी टिपला की ढाल. जीवराम चौकात बसलेला, तोंड शाळेकडं, पाठ बागेकडं. पाठलागावरचा त्यांचा गडी उखर्डू लांबच्या खांबाकडं धावत होता. तेवढ्यात तोच वास आला. पाठीवर ओला, गार पंजा पडला. कानाशी कोणी हळूच म्हणालं,

“खो...”

खो मिळाला की मागं बघायचं नसतं, उठायचं असतं. जीवराम उठून पळाला.

शिट्टी! फाउल!

“तुले खो कोनं दिला रे?” मास्तर ओरडले.

“उ... उखर्डूनं.”

“मी? मी तं खांबापाशी हाये, मास्तर!”

त्या गोंधळात गडी निसटला, वेळ संपली, ढाल गेली. उखर्डू त्याच्या पायाशी थुंकला. “फितूर! आपल्याच गड्यायले असं कोनी फसवते का?”

वर्षभर हा सवाल त्याला कोणी विचारला नव्हता.

केळीचा चीक मोठा लबाड. लागताना पाण्यासारखा, धुतला की काळा होऊन वर येतो आणि जन्मात जात नाही. संध्याकाळी आई, झुंबरबाई, बनियन धूत होती. तिचे हात थांबले.

“जीवराम, हा पंजा कोनाचा रे?”

“उखर्डूचा... खो देला त्यानं.”

झुंबरबाईनं बनियन उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

“बाहेरून तं कोरा हाये रे,” ती हळू म्हणाली. “पंजा आतून हाये...”