आजपर्यंतचा हिशेब

"माझा नवरा मागच्या हिवाळ्यात गेला," प्रमोदिनीकाकू म्हणाल्या, "आणि अजून घरचा हिशेब लिहून राहिला."

खासगी तपासाच्या धंद्यात भैरवीने नाना तऱ्हेचे नवरे पाहिले होते. गेल्यावरही कामात चोख राहिलेला हा पहिलाच. तिचे मदतनीस, पोलिसातून निवृत्त झालेले रुपराव, यांनी चहाचा कप हळूच खाली ठेवला.

काकूंच्या सक्करदऱ्यातल्या घरी हे बोलणं चाललं होतं. पुण्याहून आलेला मुलगा गौरांग दाराशी उभा होता.

"वरच्या खोलीत अनिश नावाचा भाडेकरू आहे," तो म्हणाला. "आई त्याच्याकडून लिहून घेते आणि विसरते. तिला आता एकटं ठेवणं शक्य नाही. शनिवारी घर बंद करून मी तिला नेतोय."

"मले टाइपही करता येत नाही," काकू म्हणाल्या. "पण मी खरंच विसरत असंन, तर जाईन. तेवढं शोधून दे, बाई."

काकूंचे पती गिरिधरराव सरकारी कचेरीत हिशेबनीस होते. निवृत्तीनंतर त्यांनी वह्या सोडल्या आणि कॉम्प्युटरवरच्या साध्या नोटपॅडमध्ये लिहू लागले: तारीख, खर्च कशाचा, किती, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात. एक छोटा प्रोग्रॅम ती फाइल वाचून पडद्यावर यादी दाखवी.

काकूंनी समोरच्या कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं. यादीत शेवटी गेल्याच रविवारची नोंद होती:

रविवार. तलावाजवळच्या ठेल्यावर तर्री-पोहे, दोन प्लेट
    खर्च:हौस:प्रमोदिनी    ₹६०
    रोकड

"हा ठेला?" रुपराव म्हणाले. "तो तर उन्हाळ्यातच उठला. तिथं आता मोबाइलचं दुकान आहे."

"हौसेचं खातं माझं," काकू म्हणाल्या. "ते आधी लिहायचे, मग पिशवी उचलायचे. लिहिलं म्हणजे करावंच लागते, म्हणायचे. आजारपणातही दुपारभर टकटक चालायची. झोपा ना, म्हणून मी रागवायची."

"मुलाला इतके महिने का सांगितलं नाही?" भैरवीने विचारलं.

काकूंनी पदर सावरला. "सांगितलं असतं तर थांबलं असतं. सकाळी चहा घेऊन इथं बसायचं, बटण दाबायचं. एखाद्या दिवशी नवं काही दिसे. वाटायचं, आहेत."

अनिश खाली आला तो वैतागलेलाच. "मी काहून लिहू? काकांना फक्त हे बटण करून दिलं, तेही त्यांच्या शेवटच्या दिवसांत. उघडलं की त्या दिवसापर्यंतचंच दिसावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं."

"आणि तू, गौरांग?"

"मी फाइलला हात लावला नाही. मला घर विकायचंही नाहीये," तो चिडून म्हणाला. मग आवाज उतरला. "आईनं फोन उचलला नाही की माझा जीव जातो हो."

भैरवीने रुपरावांना मूळ फाइलवर शेवटचा फेरफार कधी झाला ते पाहायला सांगितलं.

"मागच्या वर्षीची तारीख दिसून राहिली," ते म्हणाले. "कॉम्प्युटरची घडी बिघडली असंन."

भैरवीने पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली, मग मनगटावरचं घड्याळ. दोन्ही जुळत होती. तिने फाइल उघडली, झरझर शेवटापर्यंत गेली, आणि बंद केली. मग तिने सगळ्यांना बसवलं.

"काकू काही विसरत नाहीत. आणि या घरात कोणी काही लिहिलेलं नाही."

"मग हे आलं कुठून?" गौरांगने विचारलं.

"आलं नाही, आधीच होतं. लिहिणाऱ्याला ठेला उठल्याचं ठाऊक नाही, म्हणजे त्याने उन्हाळ्याआधीच लिहिलं. कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर आहे, म्हणजे फाइलवरची तारीखही खरी. मागच्या वर्षापासून तिला कोणी हात लावलेला नाही. मग आधी लिहून मग पिशवी उचलणारा माणूस कोण? आजारपणात दुपारभर टकटक करणारा कोण?"

"तेच," काकू म्हणाल्या.

"त्यांनी पुढच्या तारखा घालून लिहून ठेवलं. अनिशचं बटण आजच्या पुढचं लपवतं. जसजसा दिवस उजाडतो, तसतशी त्या दिवसाची नोंद दिसते. तुम्ही सगळे यादीलाच फाइल समजलात."

गौरांग आईच्या पायाशी बसला. "चुकलो गं," एवढंच म्हणाला. खिशातून फोन काढून त्याने तिथेच शनिवारचं तिकीट रद्द केलं.

"पूर्ण फाइल उघडून देऊ, काकू?" भैरवीने विचारलं.

काकूंचा हात पुढे झाला आणि मागे आला. डोळे भरले होते, तरी त्या हसल्या. "नको वं. सगळं आजच वाचलं तर उद्या सकाळी मी कोणाची वाट पाहू?"

बाहेर रुपरावांनी स्कूटर सुरू केली. तलावाजवळ आल्यावर त्यांनी वेग कमी केला.

"मॅडम, तुम्ही तर शेवट पाहिला. काय होतं?"

"हौसेच्या खात्यात एक नोंद. रक्कम नाही." भैरवीने ते शब्द जसेच्या तसे सांगितले. "'इथून पुढे तू लिही.'"

"कधीची आहे?"

"ते त्या दिवशी काकूंनाच कळू दे. गाडी वळवा, रुपराव."

"काहून? काही राहिलं का?"

"काकूंना टाइप करता येत नाही."