कासिमिरोचा रेडिएटर

बसा. लाइट काही पहाटेच्या आत येत नाही. आणि यास्निएल, ती बावन्न सालची गाडी घ्यायचं खूळ आधी डोक्यातून काढ. टुरिस्ट फोटो काढतात म्हणून हुरळलास होय रे? फोटो काढणाऱ्यांना तिच्याखाली झोपावं लागत नाही. मी चाळीस वर्षं झोपलोय. तोंडात ऑइल, डोळ्यांत गंज, आणि बायको म्हणते अंगाला वास येतो. बरोबरच म्हणते.

नेमेसिओचं सांगतो. माझा दोस्त, इथलाच, कामाहुआनीतला टॅक्सीवाला. ऐकीव नाही हं. त्या पहाटे तो माझ्याच दारात आला होता.

त्याची गाडी म्हणजे नुसती ब्याद. इंजिन रशियन ट्रॅक्टरचं, ब्रेक कुठल्याशा ट्रकचे, टाकी सडली म्हणून सीटखाली डिझेलचा कॅन. रोज सकाळी नळी तोंडानं ओढून डिझेल चालू करायचं. त्याच्या ढेकरेलासुद्धा डिझेलचा वास यायचा, शी! आणि रेडिएटरची तर चाळण झालेली. दर पाच किलोमीटरला गाडी उकळायची. बाहेरून मात्र गुलाबी रंग, काय तो थाट!

तसल्याच मॉडेलची दुसरी गाडी गावात एकच, कासिमिरो म्हाताऱ्याची. परसात नुसती उभी, पण रेडिएटर ठणठणीत. म्हातारा असा चिक्कू की साधा स्क्रू द्यायचा नाही. नेमेसिओनं दहा वर्षं मिनतवाऱ्या केल्या.

"मी मेल्यावर ये," म्हणायचा तो.

मेला एकदाचा. आता नऊ रात्रींची प्रार्थना संपेपर्यंत मेलेल्याच्या वस्तूला कुणी हात लावत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नेमेसिओची बायको नेरिदा दमेकरी. तरी बिचारी रोज कासिमिरोच्या विधवेशेजारी मेणबत्त्यांच्या धुरात बसायची. सातव्या रात्री ती आत जपमाळ ओढत होती, आणि हा बाहेर परसात पाना घेऊन रेडिएटर सोडवत होता.

"दोन रात्री थांबला असतास तर काय बिघडलं असतं?" मी विचारलं.

"दोन रात्रींत दुसऱ्यानं लांबवला असता ना, सेवेरिनो!"

आणि बसवून कुणी दिला? मीच. थू माझ्या जिनगानीवर.

आठवी रात्र. गेल्या ऑगस्टची एकवीस तारीख, गुरुवार. बारा वाजता नेरिदाला धाप लागली. दवाखान्यात दम्याचा पंप नाही, अँब्युलन्स बंद पडलेली. रेमेदिओसला तिच्या बहिणीकडे मायामीहून आलेला नवाकोरा पंप होता. वीसेक किलोमीटर.

"हा गेलो आणि हा आलो," नेमेसिओ म्हणाला. बोलायला तिच्याकडे श्वासच नव्हता. घरात दुसरं कुणी नाही.

जाताना गाडी पाण्यासारखी पळाली. पंप खिशात घालून तो बरोबर सव्वा वाजता माघारी फिरला. कारखान्याच्या फाट्यावर एका म्हाताऱ्यानं हात केला. घाई होती, पण टॅक्सीवाल्याचा पाय... सवयीनं ब्रेकवर गेलाच.

म्हातारा मागं बसला. बसणारा प्रत्येक जण दार कसं आपटतो, माहीत आहे ना? आपण ओरडतो, "अहो, घरचा फ्रिज आहे का हा!" यानं दार जरासं उचललं आणि अलगद लावलं. बिजागरी खचलीये हे त्याला न सांगता कळलं होतं.

दोन किलोमीटर झाले. काटा लाल रंगावर गेला. बॉनेटमधून वाफ. चांगला रेडिएटर, आणि आत थेंब नाही! पाण्याचा कॅन बघितला, तोही कोरडा. त्या ऑगस्टला पाऊस नव्हता. रस्त्याकडेचे चर सुके. दोन्ही बाजूंना ऊस, आणि मिट्ट काळोख.

मग त्यानं काय केलं, सांगू? बॉनेट उघडून बंपरवर चढला आणि रेडिएटरमध्ये... हो, तेच. हसू नका. आपण सगळ्यांनी कधी ना कधी केलंय. पण मेलेल्या माणसाच्या रेडिएटरमध्ये, नऊ रात्री व्हायच्या आत?

गाडी सुरू झाली. तो उकळता वास डॅशबोर्डमधून आत आला. त्यात आणखी एक वास होता. गोडसर. कुजका.

मागून आवाज आला, "काय घातलंस त्यात?"

"पाणी."

मागची सीट करकरली.

"पाणीच, आजोबा."

"पाणी नव्हे."

नेमेसिओनं लायटर पेटवला. आरशात बघितलं.

नाकपुड्यांत कापसाचे बोळे. पुरताना घातलेला तोच निळा शर्ट. पापण्या अर्धवट चिकटलेल्या.

कासिमिरो.

लायटर विझला.

नेमेसिओ कसाबसा बोलला, "रेडिएटर घ्या... आत्ता काढून देतो... पण मला घरी जाऊ द्या. नेरिदा गुदमरतेय."

इंजिन खोकत होतं.

"नेरिदा?" तो म्हणाला. "हा डबा तिथवर पोचायचा नाही."

दार अलगद लागलं.

मागं कुणी नव्हतं. आणि गाडी... मेली. पुन्हा चालू झालीच नाही. नेमेसिओ उसातून, काळोखातून धावत सुटला. रडत, शिव्या घालत. स्वतःला, गाडीला, मलाही. चौदा किलोमीटर.

घरी पोचला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आत जायला धजेना. मेलेली बायको बघायला कोण धजेल? माझं दार ठोठावलं. मी मेणबत्ती घेऊन पुढं झालो.

नेरिदा झोपली होती. छाती सावकाश वरखाली होत होती. एवढीशीसुद्धा घरघर नाही.

आमच्या चाहुलीनं उठली. "कुणाबरोबर पाठवलंस रे पंप?" नवऱ्याला म्हणाली. "दोन वाजले असतील. अंधारात तोंड दिसलं नाही. मान धरून दोनदा पंप मारला तोंडात. हात काय गार होते बाई! एक शब्द बोलला नाही मेला."

नेमेसिओनं खिशातून खोकं काढलं. वरचा प्लास्टिकचा कागद जसाच्या तसा. मीच तो फाडला. मी, या बोटांनी.

त्या परदेशी पंपाच्या पाठीवर छोटा आकडा असतो. किती वेळा मारायचं औषध शिल्लक आहे, ते कळायला. नव्यावर दोनशे असतो, खोक्यावरही तसं छापलं होतं.

मेणबत्ती जवळ नेली. मी वाचला, मग त्यानं वाचला.

एकशे अठ्ठ्याण्णव.