तेलाखालचं फॉस्फीन

हाला या संशोधिकेनं मरण्यापूर्वी बनवलेलं फॉस्फीन वाया गेलं होतं. पॅलेडियम धातूला कामाला लावणारा हा पदार्थ, हवा लागली की संपला. त्याच्याशिवाय तिचा प्रयोग सिद्ध होणार नव्हता. प्राध्यापक मन्सूर यांनी आळ तिचा सहकारी रऊफवर घेतला होता आणि त्याला स्फॅक्स शहरातल्या त्या प्रयोगशाळेतून काढायचं ठरवलं होतं.

गुप्तहेर नाझिहा कल्लेलनं बाटली उजेडात धरली. पांढऱ्या भुकटीवर तेलाचा थर होता.

"पंपाचं तेल. पंप हाच चालवतो," मन्सूर रऊफकडे बोट दाखवत म्हणाले. "आणि याच्या अंगाला लसणासारखा वास येतोय, फॉस्फीनचा. बाटली यानंच उघडली."

रऊफनं मान खाली घातली. नाझिहानं बाटली हुंगून सोबती बशीरकडे दिली.

"लसूण कुठाय?" बशीर म्हणाला. "हे जैतुनाचं तेल. मला तर भूकच लागली."

बाटलीजवळ एकटं कोण होतं, असं नाझिहानं विचारलं. फक्त हालाची आई वसीला, सगळ्यांची खाला, म्हणजे मावशी. लेकीच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी ती सगळ्यांसाठी प्रयोगशाळेत कुसकुस घेऊन आली होती. बाकीचे अंगणात जेवले, ती लेकीच्या टेबलापाशी बसून राहिली.

नाझिहा सगळ्यांना वसीलाच्या घरी घेऊन गेली. वसीलानं पाव आणि हरिसाची, म्हणजे लाल मिरचीच्या चटणीची, बरणी पुढे ठेवली. हरिसावर तेल तरंगत होतं. बशीर पाव बुडवणार, तोच त्याचा हात थांबला.

"नासवणारा वरून तेल ओतत नाही, सर," नाझिहा हळूच म्हणाली. "तेल ओततो तो टिकवणारा. आणि फॉस्फीन बिघडलं की वास जातो. रऊफच्या अंगावरचा वास आजचा आहे. तो हालाचं फॉस्फीन नव्यानं बनवतोय. हो ना रे?"

रऊफनं मान हलवली. "तिचं नाव राहावं म्हणून. जमेल की नाही, कळेना. म्हणून बोललो नाही."

वसीलाचा चेहरा पांढरा पडला. "केसांतला तो लसणाचा वास धुतल्याशिवाय घरात यायचं नाही, असं रोज ओरडायचे मी पोरीला. ती गेली, उशीचाही वास गेला. एकदाच उघडली गं बाटली. मग हवा लागू नये म्हणून तेल घातलं. नीट घातलं होतं मी."

"घातलंत, खाला," नाझिहा म्हणाली. तेलाआधीच हवा आत गेली होती, हे तिला सांगवेना. बशीरला रडू आवरेना.

मन्सूर माफी मागायला उठले, पण रऊफचं तिकडे लक्ष नव्हतं. तो वसीलासमोर गुडघ्यांवर बसला होता आणि त्यानं डोकं खाली केलं होतं. वसीलानं ते दोन्ही हातांनी धरलं, त्याच्या केसांत तोंड खुपसलं आणि खोल श्वास घेतला.